वजन उतरवायचं तर आधी वाणसामानाची यादी

वजन कमी करायला आलेल्या माणसाला मी पहिल्याच भेटीत काट्यावर उभं करत नाही. मागच्या महिन्याचं किराणा बिल मागते. माझ्या वडिलांचं कराडला वाणसामानाचं दुकान होतं. कोणाकडे तेलाचा डबा महिना पुरत नाही, कोण साखर दोनदा नेतं, कोणाच्या यादीत डाळी नावापुरत्या असतात, हे गल्ल्याशेजारी बसून बघतच मी मोठी झाले. पुढे आहारशास्त्र शिकले, साताऱ्यात सल्ला द्यायला बसले, पण ती खोड काही गेली नाही. आणि बरंच झालं. "काल दिवसभर काय खाल्लं?" असं विचारलं की माणूस थोडं विसरतो, थोडं झाकतो, आणि शेवटी म्हणतो, "मॅडम, मी तर काहीच खात नाही हो." बिल असं काही म्हणत नाही.

तेव्हा कागद-पेन घ्या. घरात महिन्याला काय काय येतं ते लिहून काढा: तेल (तूप, लोणी, वनस्पती तूप धरून), साखर आणि गूळ, सगळी धान्यं (तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, पोहे, रवा, मैदा, साबुदाणा), सगळ्या डाळी आणि कडधान्यं, शेंगदाणे आणि खोबरं, आणि शेवटी फरसाण, बिस्किटं, खारी, टोस्ट. प्रत्येकाचं वजन घरातल्या माणसांनी भागा, मग तिसाने भागा. लहान मूल अर्धं धरा. गणपती-दिवाळीचा महिना घेऊ नका, किंवा दोन-तीन महिन्यांची सरासरी काढा. भाज्या, दूध, अंडी बिलात नसतात, ती आठवून लिहा.

आता ताडून बघायला काहीतरी माप हवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० कॅलरींच्या दिवसासाठी साधारण असं माप दिलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम (बटाटा सोडून), फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम, आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. धान्य आणि डाळी कच्च्या वजनाने, शिजवलेल्या नव्हे. साखर २५ ग्रॅमच्या आत.

चार मोठ्या माणसांच्या घराची जी यादी माझ्या टेबलावर येते ती बहुतेक वेळा अशी असते: तेल ५ लिटर, साखर ५ किलो, सगळं धान्य मिळून ३८-४० किलो, डाळी-कडधान्यं ३ किलो. भागून बघा. तेल माणशी रोज ४२ मिली, साखर ४२ ग्रॅम, धान्य सव्वातीनशे ग्रॅम, आणि डाळ जेमतेम २५ ग्रॅम. तेल-साखर हवी त्याच्या दीडपट, डाळ हवी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. यात कोणी खादाड नाही, कोणी रोज हॉटेलात जात नाही. साधं, घरचं, "आपलं नेहमीचं" जेवण आहे हे. वजन वाढतं ते इथे.

तेल: इथे वेळ घालवा

एक ग्रॅम पिष्ट पदार्थातून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम प्रथिनांतूनही ४, आणि एक ग्रॅम तेला-तुपातून ९. चहाच्या चमच्यात ५ मिली तेल मावतं, म्हणजे चाळीसेक कॅलरी. शेंगदाण्याचं, करडईचं, सूर्यफुलाचं, ऑलिव्हचं, गाईचं तूप, लाकडी घाण्याचं महाग तेल, सगळ्यांना हाच हिशेब लागू. घाण्याच्या तेलाला वास आणि चव छान असते, मलाही आवडतं. पण "घाण्याचं आहे, मग चालतं" म्हणून एक पळी जास्त पडत असेल तर साध्या तेलाचा डबा परवडला.

वजन उतरवायचं असेल तर माणशी रोज २० मिली धरा, म्हणजे चार चमचे, स्वयंपाक आणि वरून घेतलेलं तूप मिळून. चौघांचे आठवड्याचे झाले ५६० मिली. रविवारी सकाळी एवढं तेल मोजून वेगळ्या बाटलीत काढा आणि मोठा डबा नजरेआड ठेवा. आठवडाभर त्याच बाटलीतून घ्यायचं. पहिल्या आठवड्यात बाटली गुरुवारीच संपते, बहुतेकांची संपते. संपली तर भांडू नका, किती जास्त लागलं ते लिहून ठेवा आणि पुढच्या रविवारी त्यातलं निम्मं कमी करा. महिन्याभरात हाताला सवय लागते. किटलीने धार सोडायची मात्र बंद. चमचा.

कुठे कमी करायचं? भाजीत नाही, आधी पोळीत. घडीच्या पोळीला आत तेल, लाटताना थोडं, भाजल्यावर वरून पुसायला आणखी थोडं; एका पोळीला चमचाभर तेल सहज जातं. दोन्ही वेळा तीन-तीन पोळ्या खाणाऱ्याच्या पोटात ३० मिली तेल नुसत्या पोळीतून जातं, भाजीला फोडणी बसायच्या आधीच! आत अगदी थेंबभर तेल पीठ भुरभुरून घडीला लावा आणि वरून लावणं सोडा, किंवा फुलके करा. डब्यात कडक होतात अशी तक्रार असेल तर कणीक सैल भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा, आणि पोळ्या गरम असतानाच सुती कापडात गुंडाळा.

भाजीसाठी आपल्या आज्यांची पद्धत पुरेशी आहे. अर्धा किलो भाजीला तीन चमचे तेल छोट्या कढल्यात तापवायचं, कारण पसरट कढईत तेवढ्या तेलात मोहरी बुडतच नाही आणि मग हात आणखी ओततो. फोडणी झाली की भाजी घालून झाकण ठेवायचं आणि झाकणावर पाणी ओतायचं. वाफेवर भाजी शिजते, खाली लागत नाही. दोडका, दुधी, घेवडा, गवार, कोबी सगळं असं होतं. भेंडीला ते चालत नाही, ती चिकट होते; तिला पसरट तवा आणि धीर लागतो. वांगं तर तेल पिणारच. ते भाजून भरीत करा आणि कच्च्या कांद्यावर दोन चमच्यांची फोडणी द्या.

तेलाच्या जोडीला दाण्याचं कूट बघा. आमच्याकडे पश्चिम महाराष्ट्रात कूट नाही ती भाजी आजाऱ्याची. शेंगदाणा उत्तम अन्न आहे, शंभर ग्रॅममध्ये पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं, पण अर्धं वजन तेलाचं. एक मोठा चमचा कूट, दहा ग्रॅम, म्हणजे पंचावन्न कॅलरी. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, वर शेंगदाण्याची चटणी तेल घालून, असं एकाच ताटात तीनदा नको. एका जेवणात एकदाच, कुठे ते तुम्ही ठरवा. मी माझं कूट काकडीच्या कोशिंबिरीसाठी राखून ठेवते.

साखर आणि चहाबरोबरची मंडळी

हे थोडक्यात. कपात दोन चमचे साखर, दिवसाला तीन कप, म्हणजे ३० ग्रॅम साखर आणि १२० कॅलरी. आठवड्याला अर्धा चमचा कमी करत एका चमच्यावर या, मग अर्ध्यावर. गुळाचा चहा हा वजनाच्या हिशेबात साखरेचाच चहा आहे. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेऊन चरबी वितळत नाही. मधाचे साठ कॅलरी मात्र आत जातात. खारी, बटर, टोस्ट, क्रीमची बिस्किटं यादीतून काढाच. घरात असली की खाल्ली जातात, नसली की कोणाला आठवतही नाहीत. आणि जेवल्या जेवल्या चहा घेऊ नका, त्याने जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. बायकांनी हे विशेष पाळावं.

आता इथवरचा हिशेब मांडू. ४२ मिली तेलाचं २० मिली झालं: १८० कॅलरी वाचल्या. साखर ४० वरून १५ ग्रॅमवर आली: १००. संध्याकाळची मूठभर शेव-फरसाण, ३० ग्रॅम, बंद: सुमारे १६०. दिवसाला ४४० झाल्या. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. महिन्याचं कागदावरचं गणित पावणेदोन किलोंचं येतं. प्रत्यक्षात शरीरही खर्च थोडा आवरतं, म्हणून सव्वा किलोच्या आसपास धरा. आणि अजून आपण पोळीच्या संख्येला हात लावलेला नाही. उपाशी राहून आलेल्या बायकांना मी हे गणित त्यांच्याच हातांनी करायला लावते.

भाकरी की पोळी

हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर आकड्यांतच देते. एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागतं, २०० कॅलरी. एका पोळीला ३० ग्रॅम कणीक, १०० कॅलरी, आणि वरचं चमचाभर तेल ४०. म्हणजे दोन पोळ्या २८० आणि एक भाकरी २००. फरक ज्वारी-गव्हाचा कमी आणि तेलाचा जास्त. कोरडा फुलका खाणाऱ्याला भाकरीकडे वळायची सक्ती नाही. तरी मी भाकरी सुचवते. ज्वारी-बाजरीत चोथा चांगला असतो आणि भाकरी चावायला वेळ लागतो, त्यामुळे एकीवर पोट भरतं. मात्र "भाकरीने वजन उतरतं" म्हणून तीन खाल्ल्या तर सहाशे झाल्या.

भात सोडायचा का? नाही. मध्यम वाटीभर शिजलेला भात दीडशे कॅलरींच्या आतबाहेर. कोकणातला माणूस भात सोडून पोळी खायला लागला तर पंधरा दिवसांत चिडचिडा होतो आणि मग दुप्पट भात खातो. भात खा, भाकरी-पोळी त्या जेवणाला नको. दोन्ही हवंच असेल तर एक फुलका आणि अर्धी वाटी भात.

वजन उतरवणाऱ्या, बैठं काम करणाऱ्या बाईला मी दिवसाचं कच्चं धान्य दीडशे ग्रॅम सांगते, पुरुषाला दोनशेच्या आसपास. सकाळचे पोहे-उपीटही त्यात मोजायचे, ते लोक विसरतात. धान्य कमी करायचं ते फक्त तुमच्या ताटात. वाढत्या वयाच्या मुलांच्या आणि शेतात राबणाऱ्यांच्या ताटाला हात लावू नका. तेल आणि साखर मात्र सगळ्या घराचं कमी झालं तरी कोणाचं काही बिघडत नाही.

डाळ, म्हणजे खरं काम

महाराष्ट्रातल्या शाकाहारी घरात माणूस पोटभर जेवतो आणि दोन तासांत काहीतरी तोंडात टाकायला शोधतो. याला लोक जिभेचे चोचले म्हणतात. मला त्यात बहुधा प्रथिनांची कमतरता दिसते. प्रथिनं पोट बराच वेळ भरलेलं ठेवतात, आणि वजन उतरताना स्नायू झडू देत नाहीत. खाणं नुसतं कमी केलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. काटा खूश होतो, माणूस गळपटतो, केस गळतात, आणि पुन्हा नीट खायला लागल्यावर आलेलं वजन बहुतेक चरबीचंच असतं.

भारतीयांसाठीचं किमान माप किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं असं आहे. वजन उतरवताना एक ग्रॅम धरा. ६५ किलोच्या बाईला ६०-६५ ग्रॅम. कशातून आणायची?

तूरडाळीत शंभर ग्रॅमला २२ ग्रॅम प्रथिनं. पण आपलं वरण बघा: मूठभर डाळ, तांब्याभर पाणी, चौघांत. माणशी तीन ग्रॅम सुद्धा पडत नाहीत. चौघांना एका वेळेला एक पूर्ण वाटी कच्ची डाळ लागते. वरण घट्ट करा आणि ते भातावर ओतण्यापेक्षा वाटीत घेऊन प्या. मटकी, मूग, चवळी, मसूर, हरभरा, सगळ्यांत प्रथिनं साधारण तेवढीच. आणि आमच्या जिल्ह्यात तर काय कमी आहे! कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, तो लोक पाहुण्यांसाठी राखतात आणि स्वतः बटाट्याची भाजी खातात. माण-खटावचे हुलगे म्हणजे कुळीथ, त्यांचं माडगं, शेंगोळे. हुलग्यातही बावीसेक ग्रॅम प्रथिनं आहेत. थंडीत रात्री हुलग्याचं माडगं वाडगाभर प्यायलं तर दुसरं फार काही लागत नाही. त्याला "गरिबाचं" म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी डब्यातली प्रोटीन पावडर किती रुपयांची ते विचारते.

उसळीचा कट करू नका म्हणजे झालं. मिसळीतली मटकी तब्येतीची. वरची तर्री आणि फरसाण नाही.

दिवस कसा दिसेल ते सांगते. सकाळी मूगडाळीची दोन धिरडी (५० ग्रॅम डाळ, १२ ग्रॅम प्रथिनं) आणि वाटीभर दही. पोहे खायचेच असतील तर पोहे निम्मे, मटार आणि कांदा दुप्पट, वर मोड आलेले मूग. दुपारी एक भाकरी, ४० ग्रॅम कडधान्याची उसळ, परतलेली भाजी, कोशिंबीर, पेलाभर ताक. संध्याकाळी फुटाणे मूठभर, सालासकट. रात्री दोन अंडी किंवा पिठलं, एक भाकरी, पालेभाजी. याचे साठएक ग्रॅम होतात. पिठल्याचं बेसनही डाळीतच मोजा, पण पिठलं तेलात पोहायला नको. बेसन कोरडं भाजून मग पाण्यात कालवलं की कमी तेलात गुठळ्या होत नाहीत.

मांसाहारी असाल तर तुमचं सोपं आहे. चिकनचे चार तुकडे, बांगडा, सुकट, अंडी, सगळं उत्तम. अडचण रश्श्याची: खोबरं, तेल, आणि त्यासोबत वाढत जाणाऱ्या भाकऱ्या. तुकडे जास्त घ्या, रस्सा वाटीभर, भाकरी एक. सुक्या मासळीत मीठ जबर असतं, रक्तदाब असेल तर जपून.

सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. चवीला मला त्या फारशा आवडत नाहीत, पण स्वस्त आहेत आणि भिजवून, पिळून, खिमा केल्यावर चालतात. पनीर चांगलं, पण त्यात चरबीही भरपूर, तेव्हा ते तळून रश्श्यात टाकू नका.

भाज्या

रोज माणशी ४०० ग्रॅम म्हणजे चौघांना एक किलो सहाशे ग्रॅम. बाजारातून येताना पिशवी जड वाटली पाहिजे. ताटात अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीची, पाव भाग डाळ-उसळ किंवा मासा-अंडं, पाव भाग भाकरी-भात. आपल्या ताटात भाजी डाव्या-उजव्या बाजूला चमचाभर वाढायची रीत आहे. ती वजन उतरवणाऱ्याने मोडावी. बटाटा, सुरण, रताळं ही भाजी म्हणून नव्हे, धान्य म्हणून मोजा. फळ अख्खं खा, रस काढू नका. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हंगामात खुशाल खा, क्रीमशिवाय.

उपवास

एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण उगाच नाही पडली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिनं नावाला. त्यात कूट, तूप, बटाटा. बशीभर खिचडी, दुपारी वेफर्स, रात्री रताळ्याचा कीस साखरेतला. साध्या दिवसापेक्षा हा दिवस जड होतो. उपवास श्रद्धेचा असेल तर जरूर करा: वरीचा भात आणि थोड्या दाण्यांची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची भाजी, ताक, एखादं फळ. राजगिऱ्यात प्रथिनं तेराएक ग्रॅम आहेत, साबुदाण्याला ते जमत नाही.

दिवसातून दोनदाच जेवायचं, सोळा तास काही खायचं नाही, अशा पद्धती महाराष्ट्रात घरोघरी पोचल्या आहेत. काहींना त्या मानवतात, कारण मधली चरचर बंद होते. माझं मत एवढंच की दोन जेवणांत डाळ आणि भाजी पुरेशी बसत असेल तरच ते करा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा हलवू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते.

काटा आणि टेप

आपल्या लोकांचं एक वेगळंच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटनमधले सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या २१ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीचे, असे आपण भारतीय पुष्कळ असतो. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची मर्यादाही खाली आहे: २३ च्या वर गेलात की वजन जास्त.

शिंप्याकडचा टेप आणा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्या. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० च्या आत हवं. महिन्यातून एकदा मोजा. काट्यावर आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर. रोज उभं राहिलात तर खारट जेवणाने चढलेल्या पाण्यावर रडाल. बायकांचं पाळीच्या आधी किलो-दीड किलो वाढतं आणि उतरतं, ते मोजायचं नाही. पहिल्या आठवड्यातली मोठी उतरणही बरीचशी पाण्याचीच असते, तिच्यावर पेढे वाटू नका. साताऱ्यात आहोत म्हणून कंदी तर मुळीच नको.

आठवड्याला पाव ते अर्धा किलो पुरे. महिन्याला आठ किलोचं आश्वासन देणाऱ्याकडून उठून या. १२०० कॅलरींच्या खाली स्वतःच्या मनाने कधीच जाऊ नका.

चालणं, चढणं आणि त्यानंतरची मिसळ

साताऱ्यात पहाटे 'चार भिंती' स्मारकाकडे आणि अजिंक्यतारा किल्ल्यावर जाणाऱ्यांची रांग असते, आणि त्यातली निम्मी रांग उतरून मिसळीच्या टेबलावर बसते. ६५ किलोचा माणूस तासभर झपझप चालला तर अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात. एक वडापाव तीनशेचा. व्यायामाने हृदय, साखर, झोप, गुडघे, मन सगळं सुधारतं, म्हणून तो करायचाच. वजन मात्र मुख्यतः स्वयंपाकघरात उतरतं.

आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं, आणि दोन दिवस स्नायूंना ओझं. दुसरं लोक टाळतात, बायका तर हमखास. जिम नको असेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून जोर, मग जमिनीवर, पाण्याने भरलेल्या दोन कळशा घेऊन जिना. दहा-बारा वेळा जमायला लागलं की ओझं वाढवा. जेवणानंतरची शतपावली खरंच कामाची आहे, रक्तातली साखर कमी उसळते. फक्त शंभर पावलांवर थांबू नका, पंधरा मिनिटं चाला.

शनिवारी "बसणाऱ्यां"साठी एक ओळ: मोठा पेग, ६० मिली, म्हणजे दारूचेच १४० कॅलरी, आणि चकण्यातले शंभर ग्रॅम खारे शेंगदाणे साडेपाचशे. दीड दिवसाचं वाचवलेलं एका बैठकीत फिटतं.

कोणी आधी डॉक्टरांकडे जायचं

मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार (त्यांना डाळ वाढवणं धोक्याचं ठरू शकतं), गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आया, अचानक वजन वाढून थकवा आणि अंगावर सूज असलेले (थायरॉईड तपासा), आणि काही न करता वजन उतरत असलेले. शेवटच्यांनी तर उशीर करूच नये. शुद्ध शाकाहारी असाल तर ब-१२ एकदा तपासून घ्या.

वजन थांबलं तर, आणि उतरलं तर

दोन-तीन महिन्यांनी काटा हलेनासा होतो. हलकं शरीर कमी खर्च करतं, हे त्याचं एक कारण. दुसरं म्हणजे चमचा पुन्हा मोठा झालेला असतो. आधी दुसरं तपासा: त्या महिन्याचं बिल पुन्हा भागा. तेल तेवढंच असेल, साखर तेवढीच असेल, आणि कंबरही तीन आठवडे तिथेच असेल, तर रात्रीच्या जेवणातली अर्धी भाकरी काढून तिथे वाटीभर भाजी घाला. यापेक्षा जास्त एका वेळी बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं कळत नाही.

हवं तिथे वजन आलं की उलटा क्रम. दिवसाला अर्धी भाकरी वाढवा, दोन आठवडे थांबा, टेप लावा. कंबर तीच राहिली तर आणखी अर्धी. वाढवायचं ते धान्यात, नाहीतर फळात. तेलाच्या बाटलीत नाही.